भिंतीवरची रेघ आणि द हेगचं कोर्ट

सुट्टीत कोल्हापूरला आले होते, तेव्हा एका संध्याकाळी पंचगंगा घाटावर आण्णांना सांगत होते, द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हवामानबदलावर काय मत दिलं ते. त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या कोर्टानं सांगितलं म्हणतीस, पण ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला काय मिळणार त्यातनं?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी कुठवर चढलं त्याची रेघ आण्णांनी भिंतीवर ओढून ठेवलीय.

त्याच वर्षी पॅसिफिक बेटांवर कायदा शिकणाऱ्या २७ पोरापोरींनी ठरवलं, हवामानबदलाचा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतू या तिथल्याच बेटांच्या देशानं तो उचलून धरला, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं एकमतानं कोर्टाकडं पाठवला. डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत ९६ देश बोलले. इथं द हेगला शिकायला आलेल्या माझ्यासारखीला अजून नवल वाटतं, की सुरुवात एका वर्गातून झाली.

२३ जुलै २०२५ ला कोर्टानं एकमुखानं मत दिलं. ते सल्ल्याचं आहे, हुकूम नव्हे. पण हवामानाची हानी रोखणं हे कर्तव्य फक्त हवामानाच्या पॅरिस करारापुरतं नाही, करारात नसलेल्या देशांनाही रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यानं ते लागू आहे, असं कोर्ट म्हणालं. भारताचं म्हणणं होतं की हवामानाचे करारच पुरेसे आहेत आणि ज्यांनी आधी धूर ओकला त्यांनी जास्त भार उचलावा. दुसरा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. पहिला नाही, करारात भरपाईचं दार किती अरुंद आहे हे वाचून मग तो कसा पटावा?

खरा वाद कार्यकारणाचा आहे. कोर्टानं भरपाईची शक्यता मान्य केली, पण कृती आणि नुकसान यांचा पुरेसा थेट, निश्चित संबंध दाखवावा लागेल. आपल्याकडं हे भांडण काही नवीन नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, घाटावरचा पाऊस की पूररेषेतली बांधकामं, यावर कोल्हापूर-सांगलीत कट्ट्याकट्ट्यावर आवाज चढतात. आता त्यात हजारो मैलांवरच्या चिमण्यांचा धूर मिळवा. कोर्टानं हे अवघड मानलं, अशक्य नाही. माझ्या लेखी हेच सगळ्यात मोठं वाक्य आहे.

काल फोनवर आण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग ती रेघ रंगवू नको म्हणायचीस. दिवाळीला रंग काढणार होतो."

जमिनीपासून टेप लावून फोटो काढायला सांगितलंय.