तुम्ही विचारलंत म्हणून: मी सेशन का देत नाही

"सेशनच टाक ना ड्राइव्हवर, स्टेम्स कसले पाठवतोस?" पुण्याचा मिक्सिंगवाला मित्र विचारतो, कॉलेज रोडचा गिटारवाला विचारतो. सेशन म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला अख्खा उघडा प्रोजेक्ट; स्टेम्स म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा तयार आवाज, वेगवेगळ्या फाईलींत. याचा आपल्यावर विश्वास नाही, असं दोघांच्याही मनात असतं. विश्वास नसता तर काम दिलंच नसतं. आता एकदाच सांगतो.

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या एका मावशींच्या जात्यावरच्या ओव्या मी घेतल्या होत्या. कित्येक वर्षं बंद पडलेलं जातं त्यांनी धुऊन मांडलं, पदर खोचला, मूठभर गहू टाकले. घरघर आणि गळा एकत्रच हवा होता, म्हणून एकच माईक. मोनो, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, चाळीस मिनिटं. शेवटाकडे त्यांनी गेलेल्या थोरल्या बहिणीवर एक ओवी तिथल्या तिथं रचून म्हटली. खुंटा फिरत राहिला, शब्द मात्र अडखळत आले.

मित्राला ऐकवायची मला घाई. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची आरपीपी, म्हणजे सेशनची, फाईल पेनड्राइव्हवर घेतली. लॅपटॉप भरत आला होता, म्हणून मूळ फोल्डर उडवलं, रिसायकल बिनही रिकामं केलं. आरपीपी म्हणजे नुसता मजकूर: कुठला तुकडा कुठे, कुठला प्लगिन, आणि आवाजाची वेव्ह फाईल डिस्कवर कुठे आहे तो पत्ता. आवाज आरपीपीत नसतो. चाळीस मिनिटांचे साधारण ३४५ एमबी व्हायला हवेत. पेनड्राइव्हवर आकडा केबीत होता, आणि तो मी पाहिलाही होता.

मित्राने उघडलं. ट्रॅकचं नाव जागेवर, ईक्यू जागेवर, माझी कापाकापी जागेवर. पट्टी कोरी. "वेव्ह कुठंय रे?" त्याने फोनवर विचारलं. मला बराच वेळ बोलता आलं नाही. रात्रभर रिकव्हरी चालवली. ज्या फाईली परत आल्या, त्या वाजल्या नाहीत.

महिन्याभराने परत गेलो. मावशी रागावल्या नाहीत. पुन्हा बसल्या, सगळं म्हटलं. बहिणीची ओवी विचारली तर म्हणाल्या, "ती तेव्हा आली, बाबा. आता कुठून आणू?"

तेव्हापासून प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून शेवटापर्यंत सलग वेव्ह करून देतो, सोबत टेम्पो आणि सॅम्पल रेट लिहून. ४८ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग ४४.१ला तसंच वाजवलं, तर काळी एकचं गाणं पांढरी एकच्याही खाली घसरतं; हेही भोगलंय.

मित्र म्हणतो, तुझा रिव्हर्ब, म्हणजे वरून दिलेला घुमारा, स्टेम्समध्ये आवाजात मुरून येतो, मला काढता येत नाही. खरंय. आणि सेव्ह अ‍ॅज करताना 'कॉपी ऑल मीडिया इनटू प्रोजेक्ट डिरेक्टरी'वर खूण केली असती, तर आवाज सोबत गेला असता. म्हणजे चूक सेशन देण्यात नव्हतीच, माझ्या हातात होती. सोबत काम करायचं तर सगळं उघडं ठेवावं, असं मीच पूर्वी सगळ्यांना सांगायचो. त्या माणसाला खोडून काढायला माझ्याकडे आजही काही नाही.

मागच्या आठवड्यात ठरवून सेशन पाठवायला बसलो. फोल्डरचा आकडा बघितला, परत बघितला, वेव्ह एकेक मोजल्या. रात्री एक वाजता स्टेम्सच पाठवले.