हिरो रायबागला उतरला

पॅसेंजर गाडीत सिनेमा काढायचा असेल तर नटाला अभिनय येतो का, हे विचारू नये. कुठं उतरणार, एवढंच विचारावं. बेळगाव ते मिरज सुमारे 140 किलोमीटर. एवढ्या अंतरात गाडी गावोगाव थांबत जाते आणि दर स्टेशनाला पात्रं बदलतात. आमच्या हिरोला शेवटी चोर पकडायचा होता, पण त्याचं रायबागच्या बँकेत काम होतं. बँक बंद व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून तो सरळ उतरून गेला.

हा सगळा उद्योग माझ्या भाच्याचा. "मामा, तुम्ही नुसतं लोकांशी बोला, शूटिंगचं मी बघतो." काम माझ्या जोगतं होतं. अनोळखी माणसाशी बोलायला आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. सुळेभावी यायच्या आत समोरच्याचं गाव, पाहुणे, उसाची तोड आणि जावयाची नोकरी एवढं सगळं बाहेर पडलेलं असतं. त्यात "आमच्या सिनेमात काम करता का?" हा प्रश्न सहज खपून जातो. एका बाईंनी हात जोडून नको म्हटलं, तेव्हा त्यांच्या बाकाकडं फोन वळवायचा नाही असं ठरलं. बाकी कुणी फार आढेवेढे घेतले नाहीत. मला वाटतं, गल्लीत हीच माणसं लाजली असती. गाडीत उद्या कोण ओळखणार आहे?

गोष्ट साधी होती. वर सामानाच्या फळीवर एक पिशवी आहे आणि ती कुणाचीच नाही. बेवारशी वस्तूला हात लावू नका, ही घोषणा सगळ्यांच्या कानांत बसलेली, त्यामुळं हात कुणी लावत नाही, संशय मात्र सगळे सगळ्यांचा घेतात. शेवटी पिशवीत कुंदा, म्हणजे आमच्या बेळगावची खव्याची मिठाई, निघतो. मिरजेच्या पाहुण्यांसाठी मी कुंदा घेतलाच होता, त्यामुळं प्रॉपर्टीचा खर्च शून्य.

कपाळभर भंडारा लावलेली एक अज्जी चिंचलीच्या मायाक्काला निघाली होती. तिला आम्ही चोराचं काम देऊ केलं. ती म्हणाली, "देवीला निघालीया मी. चोरीचं सोंग नको बाबा." मग तिला फौजदार केलं. ते काम तिनं इतकं मनावर घेतलं की शूटिंग थांबलं तरी चौकशी थांबेना. तू कुठला, कुणाचा, तिकीट कुठंय? कोपऱ्यातला एक पोरगा गुपचूप उठून पुढच्या डब्यात गेला. तो सीन कॅमेऱ्यात आला नाही याची हळहळ मला अजून आहे.

आता आठवतं ते उजेडाचं त्रांगडं. खिडकीशी बसलेल्या माणसाचा चेहरा फोनमध्ये काळाठिक्कर येतो, कारण मागं ऊन आणि पुढं अंधार. पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की चेहरा उजळतो, पण मग बाहेरचा ऊस, बांध, आभाळ सगळं पांढरंफटक. भाच्यानं दोन-चारदा बोट ठेवून पाहिलं आणि नाद सोडला. परिणाम असा की आमच्या सिनेमात खिडकीकडची माणसं आपोआप संशयित दिसतात आणि आतल्या बाजूची सज्जन. प्रत्यक्षात खिडकी ज्याला मिळते तो आधी येऊन बसलेला कष्टाळू माणूस असतो, पण हे फोनला कोण सांगणार?

घटप्रभेला शेंगावाला चढला. आमच्यासाठी तो थांबेना आणि त्याच्यासाठी आम्ही थांबेनात, म्हणून तो परत परत फ्रेममधून जातो. गोष्टीतला वेळ जेमतेम दहा मिनिटांचा, पण त्याची बुट्टी आधी शिगोशीग, मग निम्मी, मग तळाला वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावर टरफलांचा चुरा. एवढं नीट पाहणारा प्रेक्षक भेटला तर तो आम्हाला पकडेल. स्टेशनांच्या पाट्यांनीही दगाफटका केला. हिरो "आत्ताच बेळगाव सुटलं" म्हणतो आणि त्याच्या खांद्यामागून चिकोडी रोडची पाटी सरकत जाते. (चिकोडी रोडला उतरलं म्हणजे चिकोडीला पोचलं असं नाही, हे नवख्या माणसाला तिथं उतरल्यावरच कळतं.)

रायबागला हिरो गेला तेव्हा भाच्याचं तोंड उतरलं. तोडगा काढला समोरच्या निवृत्त शिक्षकांनी. ते अथणीकडचे. मघापासून सगळ्यांचे संवाद दोन्ही भाषांत दुरुस्त करत बसले होते. म्हणाले, "अहो, पळाला ना? मग तोच चोर." पुढं चिंचलीला अज्जी उतरली, ती अर्थातच चोराच्या मागावर गेली. वेळापत्रकानं आमची पटकथा लिहून दिली आणि ती भाच्याच्या पटकथेपेक्षा बरी होती, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे.

कुडची सोडल्यावर कृष्णेचा पूल येतो. तिथं दिग्दर्शन वगैरे काही चालत नाही. संशयित, साक्षीदार, शेंगावाला, सगळे संवाद अर्धवट टाकून खिडकीकडं वळले, हात जोडले गेले, कुणीतरी नाणं टाकलं. भाचा ओरडत होता, "कॅमेऱ्याकडं बघा!" एकानंही बघितलं नाही. अख्ख्या सिनेमात माणसं माणसांसारखी वागलेली दिसतात ती इथंच.

घरी येऊन पाहिलं तर आवाजाच्या नावानं बोंब. चाकांचा खडखडाट आणि भोंगा, त्यात एखादंच कन्नड "नंदल्ल री" (माझं नाही हो) ऐकू येतं. मग आवाज काढून टाकला आणि मूकपटासारख्या पाट्या घातल्या. रेल्वे आणि सिनेमा यांचं नातं आपल्याकडं पहिल्या दिवसापासूनचं आहे. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जो पहिला खेळ झाला, त्यातल्या सहा चित्रफितींपैकी एकीत गाडी स्टेशनात येते, एवढंच होतं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना तर कॅमेरा हातानं घडवावा लागला. आमचा आयता खिशात, तरी आम्ही येऊन पोचलो पाट्यांवरच.

आणि पाटी म्हटलं की बेळगावात माणूस सावध होतो. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हापासून इथं पाटीवरून काय काय झालंय ते नव्यानं सांगायला नको. 2004 पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा खटला सुप्रीम कोर्टात आहे. भाचा दोन दिवस विचारात: मराठी वर की कन्नड वर? डब्यात हा प्रश्न आलाच नव्हता. मी मराठीत विचारायचो, समोरून कन्नडमध्ये उत्तर यायचं, आणि भांडण झालंच तर चौथ्या सीटवरून. शेवटी ज्यानं ज्या भाषेत तोंड हलवलं, त्या भाषेत त्याची पाटी, असं ठरलं. सरांनी मात्र एकच वाक्य दोन्ही भाषांत म्हटलेलं, त्यामुळं त्यांना दोन पाट्या मिळाल्या. ते खूश आहेत.

पुढचा सिनेमा लोंढ्याच्या बाजूला करायचा, असं भाच्याच्या डोक्यात आहे. खानापूर सोडलं की जंगल लागतं, पावसाळ्यात ते दिसतंही झकास. मला हे पटत नाही. जंगल बघायला माणसं खिडकीकडं तोंड करून बसतात, मग संशय कोण कुणाचा घेणार? तरी शेंगावाल्याला विचारून ठेवलं. तो म्हणाला, "आपली हद्द मिरज ते घटप्रभा. लोंढ्याकडं दुसरा माणूस असतो, त्याला विचारा."