चार दिवसांत लंडन होईल का?

उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढायची वेळ आली की फोन सुरू होतात. "चार दिवस येतोय गं तुझ्याकडे. चार दिवसांत लंडन होईल ना?" मैत्रिणी विचारतात, आत्तेभाऊ विचारतो, आईच्या भिशीतल्या काकूसुद्धा विचारतात. इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

होईल. नदीकाठचं लंडन तर एका दिवसात पायी होतं. वेस्टमिन्स्टरच्या पुलावरून बिग बेन बघायचं आणि मग दक्षिणेच्या काठाने टॉवर ब्रिजपर्यंत चालत सुटायचं. जेमतेम साडेचार किलोमीटर. बिग बेन हे खरं तर आतल्या घंटेचं नाव, मनोरा 2012 पासून एलिझाबेथ टॉवर. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे घड्याळाच्या लंबकावर ठेवलेली जुनी नाणी. एक पेनी वाढवली की घड्याळ दिवसाला 0.4 सेकंद पुढे जातं. एवढं अवाढव्य यंत्र आणि त्याचा काटा जुळतो एका पेनीवर! हे सांगितलं की मुलं मान वर करून बघतच राहतात.

टॉवर ऑफ लंडनला मात्र अर्धा दिवस द्या. तिकीट महाग आहे, तरी जा. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, मनासारखं थांबता येत नाही, म्हणून मी पाहुण्यांना पुन्हा फेरी मारायला लावते. कोहिनूर बघताना एवढं लक्षात असू द्या, की 1849 मध्ये तो ज्यांच्याकडून लिहून घेतला ते महाराजा दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचे होते. मला तिथे दरवेळी गलबलून येतं.

आणि वाघनखं? व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं जुलै 2024 मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात गेली. त्या ऑगस्टमध्ये साताऱ्याची माझी शाळेतली मैत्रीण ती बघायला म्हणून इथे आली होती, आणि वाघनखं तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर! परत गेल्यावर पहिल्याच रविवारी ती सासूबाईंना घेऊन बघून आली. ती वाघनखं महाराजांनी वापरलेलीच, असं म्युझियमही ठामपणे म्हणत नाही, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. खरं तेच सांगावं.

तर, होईल लंडन. फक्त एक सकाळ मला द्या. यादीत काहीही नसलेली.

मागच्या वर्षी नागपूरची मैत्रीण वडिलांना घेऊन आली होती. काका निवृत्त शिक्षक. मैत्रिणीच्या फोनमध्ये सतरा ठिकाणांची यादी होती, काकांनी मात्र एकच पत्ता मागितला होता: 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर 2015 मध्ये विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. रस्ता अगदी शांत, दोन्हीकडे घरं, आणि त्यातल्या एकावर निळी गोल पाटी.

काका पाटीखाली थांबले. रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि पाटीवरचं नाव आणि साल हलक्या आवाजात वाचलं. दाराशी गेल्यावर त्यांनी बूट काढले. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग मीही काढले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "ते ब्रिटिश म्युझियममध्ये वाचत बसायचे ना? किती लांब आहे इथून? चालत जाऊ."

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. दुपारी लंडन आयचं तिकीट काढलेलं होतं. मी म्हटलं, जाऊ.

प्रिमरोज हिलच्या टेकडीवर बसून आम्ही डब्यातली थालीपिठं खाल्ली. समोर सगळं शहर. मग रीजंट्स पार्कातून, प्राणीसंग्रहालयाच्या कडेने खाली. काका वाटेत फार बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "रुपयावरचा प्रबंध इथे बसून लिहिला. पोटाला चिमटा काढून." काकांच्या चालीने आम्हाला पावणेदोन तास लागले. लंडन आयची वेळ केव्हाच टळून गेली होती.

म्युझियमच्या मधल्या चौकात ते गोल वाचनालय आहे, 1857 मध्ये उघडलेलं. काकांनी त्याच्या भिंतीला तळहात टेकवला. तेवढंच. मग मी त्यांना 33अ नंबरच्या दालनात नेलं. तिथे आंध्रातल्या अमरावती स्तूपाचे कोरीव दगड आहेत: बोधिवृक्ष, चक्र, पावलांचे ठसे, हात जोडून बसलेली माणसं. असं काही तिथे असेल याची काकांना कल्पनाच नव्हती. ते एकेका शिळेपुढे उभे राहिले, परत मागे आले, परत उभे राहिले. मैत्रिणीने फोन पर्समध्ये टाकला आणि त्यांच्या शेजारी जाऊन थांबली.

पाच वाजता बंद होतं म्युझियम. पावणेपाचला रखवालदार सांगायला आला. काका मराठीतच म्हणाले, "पाच मिनिटं द्या, बाळा." आणि तो दाराशी थांबून राहिला.