थापी बाईच्या हातात : आमच्या बांधकाम व्यवसायाची वाटचाल

2008 साली आम्ही कोल्हापुरात स्वतःची बांधकाम फर्म सुरू केली, तेव्हा राजारामपुरीतली एक भाड्याची खोली, एक मिक्सर आणि पाचगावातल्या एका दुमजली घराचे काम एवढेच आमचे भांडवल होते. मी स्थापत्य अभियंता आहे आणि त्याआधी काही वर्षे इतरांच्या साइटवर काम केले होते. त्या वर्षांत एक गोष्ट मला सतत खटकत असे. पुरुष बिगारी म्हणजे हाताखालचा मजूर म्हणून साइटवर येतो, तीन-चार वर्षांत थापी धरतो, गवंडी होतो, पुढे मिस्त्री आणि जमले तर ठेकेदारही होतो. बाई मात्र विशीत घमेले उचलू लागते ती गुडघे जाईपर्यंत घमेलेच उचलते, आणि तिच्याच हाताखालून माल घेणारा पोरगा तिच्यादेखत गवंडी होऊन तिच्याहून किती तरी जास्त मजुरी घेऊ लागतो. आपल्या फर्ममध्ये असे होऊ द्यायचे नाही, एवढे मी सुरुवातीलाच ठरवले होते.

मजुरीचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा होता. विजापूर-कलबुर्गीकडून येणारी अनेक कुटुंबे नवरा-बायको जोडीने कामावर येतात; मुकादम हजेरीतही 'जोडी' अशीच नोंद करतो आणि शनिवारचा पगार नवऱ्याच्या हातात पडतो. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा 1976 साली झाला, परंतु जिचे नावच हजेरीपुस्तकात नाही, तिच्यापर्यंत तो पोहोचणार कसा? म्हणून आमची पहिली सुधारणा वहीत झाली. प्रत्येक बाईचे नाव आणि तिची स्वतंत्र हजेरी आम्ही लिहू लागलो, आणि 2014 नंतर जनधन खाती निघू लागल्यावर मजुरी थेट तिच्या खात्यात जमा करू लागलो. तिच्या नावावरची उचल म्हणजे आगाऊ रक्कम तिच्या सहीशिवाय किंवा अंगठ्याशिवाय कोणालाही द्यायची नाही, असा नियम केला. यावरून एका मुकादमाने आपली सगळी माणसे भर कामातून उठवून नेली आणि स्लॅब आठवडाभर रखडला. तो तोटा आम्ही सोसला, कारण हा नियम सोडला असता तर पुढचे काहीच शक्य झाले नसते.

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा कायदा 1996 चा, आणि महाराष्ट्रात त्यांचे कल्याणकारी मंडळ 2011 साली स्थापन झाले. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकरातून मंडळाच्या योजना चालतात. 18 ते 60 वयाच्या कामगाराने मागील वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. हा दाखला द्यायला पुष्कळ ठेकेदार कचरतात, कारण सही केली की जबाबदारी अंगावर येईल अशी त्यांना धास्ती वाटते. आम्ही प्रत्येक बाईला दाखला देतो आणि दरवर्षी नूतनीकरणाची आठवणही करतो. नैसर्गिक प्रसूतीसाठी 15,000 आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीसाठी 20,000 रुपये, पहिली ते सातवीच्या मुलांना वर्षाला 2,500 रुपये आणि आठवी ते दहावीच्या मुलांना 5,000 रुपये ही मदत बांधकामावरच्या आईसाठी लहान नाही. नवऱ्याची नोंदणी आहे म्हणून बायकोची नको, हा समज काढून टाकायला मात्र फार बोलावे लागते.

साइटवरच्या सोयींबद्दल थोडक्यात सांगते. पायाखुदाईच्या आधी दार आणि कडी असलेले स्वतंत्र स्वच्छतागृह उभे राहिले पाहिजे. ते नसेल तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि त्याचे दुखणे त्या वर्षानुवर्षे अंगावर काढतात. पाळणाघराची सक्ती कायद्याने 50 पेक्षा जास्त महिला कामगार असतील तेथे केली होती. आमच्यासारख्यांच्या साइटवर एवढ्या बायका कधीच नसतात, पण वाळूच्या ढिगाजवळ खेळणारे मूल तर असतेच. म्हणून आम्ही प्रत्येक मोठ्या कामावर एक खोली राखतो आणि वय झालेल्या एखाद्या मावशींना पूर्ण हजेरी देऊन मुले सांभाळायला ठेवतो. सुरक्षा बूट चार-पाच नंबरचे मिळत नाहीत, ते मागवून घ्यावे लागतात. साडीचा पदर मिक्सरमध्ये किंवा सळईत अडकू नये म्हणून वरून घालायचे जाड कापडाचे पूर्ण बाह्यांचे शर्ट आम्ही शिवून घेतले, आणि अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही हे लक्षात आल्यावर मागे पट्टा सैल करता येणारी हेल्मेट घेतली.

आमच्या वाटचालीतला सर्वांत मोलाचा भाग मात्र प्रशिक्षणाचा आहे. आमच्याकडे बरीच वर्षे बिगारी काम करणाऱ्या एका अक्कांना मी एकदा विचारले की, तुम्हाला गवंडीकाम करावेसे वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "थापी हातात कोण देतंय, ताई?" माल किती घट्ट हवा, वीट किती भिजवायची, कोणता गवंडी ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचे दोरीचे वजन) न लावताच पुढे जातो, हे सारे त्यांना ठाऊक होते. कमी होती ती फक्त हाताला सवय होण्याची, आणि ती सवय चालू कामावर होऊ शकत नाही, कारण तिथे प्रत्येक तासाचा हिशेब असतो.

म्हणून कळंब्याजवळच्या आमच्या गोदामामागे आम्ही सरावाची भिंत उभी केली. सिमेंटऐवजी चुना आणि वाळूचा हलका माल वापरायचा, म्हणजे संध्याकाळी भिंत उतरवून त्याच विटा दुसऱ्या दिवशी वापरता येतात. सुरुवात वीटकामाने होते : दोरी बांधणे, सांधमोड राखणे म्हणजे वरच्या-खालच्या थरांतले सांधे एका रेषेत येऊ न देणे, दर थराला ओळंबा आणि काटकोन तपासायचा गुण्या लावणे. मग गिलावा, म्हणजे प्लास्टर. भिंतीवर ठरावीक अंतराने मालाचे छोटे ठोकळे लावून ते ओळंब्याने एका पातळीत आणायचे, मधली जागा भरायची, पट्टी ओढायची आणि शेवटी रंध्याने, म्हणजे मुठीच्या सपाट फळीने, घोटायचे. माल भिंतीवर मारण्याची खुबी मनगटात असते. जोर खांद्याने लावला तर निम्मा माल खाली पडतो. बायकांना हे लवकर जमते असा माझा अनुभव आहे, आणि खिडकीचे काठ व कोपरे तर त्या विशेष नेटके काढतात. शिकण्याच्या काळातही त्यांना बिगारीची पूर्ण मजुरी मिळते, कारण मजुरी बुडवून शिकणे कोणत्याही बाईला परवडत नाही. शिकवणारे मिस्त्री आमचेच. सुरुवातीला त्यांतले दोघे या कामाला तयार नव्हते. आता त्यांपैकी एकाने आपल्या सुनेला शिकायला पाठवले आहे.

काही घरमालकांनी, बायकांचे काम आहे तर दर कमी करा, असा आग्रह धरला. आम्ही तो कधीही मान्य केला नाही. गिलाव्याचा दर ब्रासवर ठरतो, आणि 100 चौरस फूट भिंत बाईने केली म्हणून लहान होत नाही.

2019 आणि 2021 च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 55 फुटांची पातळी ओलांडली; तिथली धोका पातळी 43 फूट आहे. पाणी ओसरल्यावर शेकडो घरांचा भिजलेला गिलावा काढून, भिंती वाळवून पुन्हा करायचा होता. लोक त्याच घरांत राहत होते, स्वयंपाक चालू होता, आणि दिवसा घरी बहुधा बायकाच असत. अशा घरांतून आमच्या महिला गवंड्यांच्या तुकडीला आवर्जून बोलावणे येऊ लागले. आमच्या फर्मला दुरुस्तीच्या कामांचे स्वतंत्र खाते उघडावे लागले ते त्यांच्यामुळे, आणि आज वर्षाच्या उलाढालीत त्याचा वाटा लक्षणीय आहे.

अभियंता मुलींचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. पदविका घेऊन आलेल्या मुलीला बहुतेक ठिकाणी अंदाजपत्रके आणि नकाशे यांच्यापाशीच बसवतात. साइट न पाहिलेला अभियंता पुढे प्रकल्प सांभाळू शकत नाही, हे उघड आहे. आमच्याकडे नवीन मुलगी पहिल्या आठवड्यापासून सळईची तपासणी करते, काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे ठोकळे भरून घेते, त्यांच्या मजबुतीच्या चाचणीचे 7 आणि 28 दिवसांचे निकाल नोंदवते. स्लॅब रात्री उशिरापर्यंत चालला तर फर्मची गाडी तिला घरी सोडते. बाळंतपणाच्या 26 आठवड्यांच्या पगारी रजेनंतर परतणाऱ्या अभियंत्याला पहिले काही महिने बिले आणि मोजमापांचे काम देतो, पण तिची साइट तिच्याच नावावर राहते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीही आहे. मालाच्या एका गाडीवरच्या माणसाविरुद्ध मजूर बाईने तक्रार केली, तेव्हा समितीने चौकशी केली आणि आम्ही त्या पुरवठादाराकडून माल घेणे थांबवले. त्यानंतर बायका समितीकडे विश्वासाने येऊ लागल्या.

यंदा त्या अक्कांनी स्वतःच्या नावाने गिलाव्याचा पोटठेका घेतला आहे. फुलेवाडीतल्या एका घराचे काम त्यांच्याकडे असून बिलावर त्यांचेच नाव आणि पॅन क्रमांक आहे. सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठी साचा उभारणे) आणि सळईकाम या दोन कामांत मात्र आमच्याकडे अजून एकही बाई नाही. पावसाळ्यात कामे मंदावतात, तेव्हा गोदामात सळई वाकवण्याचे टेबल लावून चौघींना शिकवायला सुरुवात करणार आहोत. मिस्त्री ठरले आहेत, आणि चौघींच्या मापाचे हातमोजे मागवून झाले आहेत.