पुणे ते स्टुटगार्ट: दोन आठवड्यांचा कामाचा दौरा आणि मागे राहिलेलं घर

चाकण आणि हिंजवडीहून दोन-तीन आठवड्यांसाठी जर्मनीतल्या स्टुटगार्टला जाणारे पुष्कळ आहेत. व्हिसा, विमा, तिकीट कंपनी बघते. घराची तयारी मात्र आपल्यालाच करावी लागते, आणि त्यातली महत्त्वाची कामं निघायच्या आधीच उरकावी लागतात.

सगळ्यात जास्त अडतं ते ओटीपीवर. घरचा गॅस, वीजबिल, शाळेची फी, बँक असं सगळं एकाच मोबाइल नंबरला जोडलेलं असेल, तर तो नंबर परदेशात गेला की घरच्यांचे हात बांधले जातात. सिलिंडर देताना मागतात तो कोडसुद्धा नोंदणी केलेल्या नंबरवरच येतो, आणि तुम्ही तेव्हा मीटिंगमध्ये असता. म्हणून गॅसची नोंदणी घरी राहणाऱ्याच्या नंबरवर आठवडाभर आधी करून घ्या. भारतीय सिमवर रोमिंग इथूनच सुरू करा. डेटा बंद ठेवला तरी एसएमएस येतात. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू करावे लागतात. 2020 पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच चालू होऊन येतात.

मुंबईहून फ्रँकफर्टची विमानं बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात. पुण्याहून संध्याकाळी सात-साडेसातला निघालात तर मुलांबरोबर लवकर जेवून निघता येतं. शुक्रवार असेल तर घाटातल्या गर्दीसाठी तासभर जास्त धरा. सामानात तूप, पेढे, खव्याचं काही नको. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. चिवडा, चटण्या, गोडा मसाला चालतो. आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, अ‍ॅडॉप्टर न्या.

फ्रँकफर्ट विमानतळाच्या स्टेशनवरून स्टुटगार्टला थेट आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान रेल्वेगाडी आहे, साधारण सव्वा तासाची. इथे स्वस्त तिकिटाचा मोह टाळावा. ते ठराविक गाडीलाच बांधलेलं असतं, आणि पासपोर्टच्या रांगेत कधी तासाहून जास्त जातो. नव्या प्रवेश-नोंदणीत बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात. कोणत्याही गाडीला चालणारं तिकीट महाग असलं तरी ते घ्या. राहायला शक्यतो स्वयंपाकाची सोय असलेली खोली मागा, आणि किराणा शनिवारीच आणून ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काही सोडली तर.

आता फोनचं. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. काम संपवून सहाला फोन करू म्हटलं, तर हिवाळ्यात घरी साडेदहा वाजलेले असतात, मूल झोपलेलं असतं. आपल्या सोयीची वेळ आणि घरची वेळ इथेच चुकते. उत्तम वेळ तिथल्या जेवणाच्या सुट्टीची: दुपारचे बारा म्हणजे घरी साडेचार, शाळा सुटून दूध-खाऊ चालू असतो. ही पंधरा-वीस मिनिटं कॅलेंडरमध्ये पहिल्याच दिवशी अडवून ठेवा आणि जर्मन सहकाऱ्यांना कारण सरळ सांगा; घरासाठी राखलेल्या वेळेचा मान तिथे ठेवला जातो. दुसरी वेळ चारच्या कॉफीची, घरी तेव्हा साडेआठची जेवणं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. दौरा त्या रविवारावरून जाणार असेल तर फोनची नवी वेळ घरी आधीच सांगा, नाहीतर सोमवारी फोन तासभर आधी किंवा तासभर उशिरा येतो.

पहिले तीन-चार दिवस पहाटे तीनलाच जाग येते. हिवाळ्यात तेव्हा घरी साडेसात, शाळेची गडबड चालू असते. झोपेसाठी धडपडण्यापेक्षा दोन मिनिटं फोन करून टाटा करावा, पण लांबवू नये, व्हॅन चुकते.

परतीचं विमान शक्यतो शुक्रवारचं घ्या. फ्रँकफर्टहून दुपारी सुटणारं विमान मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतं आणि पुण्यात पोचेपर्यंत उजाडतं. शनिवारी पाहुणे, समारंभ काही ठेवू नका. दोन आठवडे घर एकट्याने ओढणाऱ्याला लगेच मोकळं करावंसं वाटतं, ते बरोबरच आहे, पण सकाळची पाळी अंगावर घेऊ नका: इथले साडेसहा तुमच्या शरीराला रात्रीचे दोन-तीन वाटतात, आणि डबा अर्धवट भरला जातो. रात्रीची कामं घ्या. गृहपाठ, जेवणानंतरची आवराआवर, मुलांना झोपवणं, दप्तर भरणं तुम्हाला सहज जमतं, कारण तेव्हा तुमची संध्याकाळच चालू असते. बुधवारपासून सकाळचा डबाही तुमच्याकडे घ्या.