पुण्यातली नोकरी सोडल्यानंतर

सोमवार, रात्री

पुण्यातल्या कंपनीचा लॅपटॉप शुक्रवारी परत केला आणि आज बिननोकरीचा पहिला सोमवार उजाडला. वेब ॲनालिटिक्स हा माझा व्यवसाय आहे. एखाद्या संकेतस्थळावर कोण येते, कोठून येते, काय पाहते आणि खरेदी न करता नेमके कोठून मागे फिरते याची मोजदाद ठेवायची, आणि त्या मोजदादीतून काही निर्णय निघतो का ते पाहायचे, असे हे काम. शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर पुण्याच्या एका जाहिरात एजन्सीत मी त्याला सुरुवात केली, पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीत गेले, आणि आता कोल्हापुरात राहून स्वतंत्रपणे व्यवसाय करायचा ठरवले आहे. जुन्या कंपनीने आठवड्यातील काही तासांचे काम सल्लागार म्हणून माझ्याकडेच ठेवले असल्यामुळे घरखर्चाची लगेच ओढाताण होणार नाही. प्रत्यक्ष भेट आवश्यक असेल तेव्हा वंदे भारत आहे. ती आठवड्यातून तीनच दिवस धावते, म्हणून बैठका तिच्या वारांवर बेतायच्या, एवढेच.

आईला हे सारे अजून पटलेले नाही. बढती समोर असताना राजीनामा कोण देते, हा तिचा प्रश्न रास्तच आहे. बढती होती, टीमच्या प्रमुखपदाची होती आणि पगारही चांगला वाढणार होता. परंतु त्या पदावरील माणसाचा दिवस इतरांनी तयार केलेले डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचे फलक, तपासण्यात आणि ते का बदलले याची स्पष्टीकरणे लिहिण्यात जातो, हे मी जवळून पाहिले आहे. एका मोठ्या ग्राहक-कंपनीला दर महिन्याला आम्ही जाडजूड अहवाल पाठवत असू. त्यात रंगीत आलेख असत, मागील महिन्याशी तुलना असे, शेवटी शिफारशी असत, आणि त्या शिफारशींपैकी एकही अमलात आलेली मी माझ्या कारकिर्दीत पाहिली नाही. अहवाल वेळेवर गेला की सगळे समाधानी. या समाधानाचाच मला कंटाळा आला होता, हे आईला कसे सांगावे ते कळत नाही.

शिवाय या व्यवसायाला भरती-ओहोटी आहे आणि भरतीच्या वेळी मिळालेल्या मानावर फार विसंबू नये, असे माझे मत झाले आहे. गुगलने २००५ मध्ये अर्चिन ही संकेतस्थळांची मोजणी करणारी कंपनी घेतली आणि त्याच वर्षी गुगल ॲनालिटिक्स फुकट उपलब्ध करून दिले. तोपर्यंत सर्व्हरवरच्या नोंदींच्या (लॉग) फायली चाळणाऱ्यांचे किंवा महागडी साधने परवडणाऱ्यांचे हे क्षेत्र एकदम सर्वांना खुले झाले. २००९ मध्ये ॲडोबीने ऑम्निचर ही मोजणीचीच दुसरी कंपनी विकत घेतली, तेव्हा मोजणीचा धंदा जाहिरातीच्या धंद्यात मिसळला तो कायमचाच. आमच्या पिढीची भरती म्हणजे १ जुलै २०२३. त्या दिवशी युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने, म्हणजे गुगल ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीने, नवी माहिती घेणे बंद केले आणि प्रत्येकाला जीए-फोर या नव्या आवृत्तीवर जावे लागले. त्याआधीच्या वर्षभरात आम्हा लोकांना श्वास घ्यायला सवड नव्हती. ज्यांनी कधी ॲनालिटिक्सचे पान उघडले नव्हते तेही स्थलांतरासाठी फोन करत होते. पुढच्या वर्षी, जुलै २०२४ पासून, जुन्या नोंदी पाहण्याची सोयही काढून घेण्यात आली आणि ज्यांनी त्या वेळेत उतरवून ठेवल्या नाहीत त्यांचा कित्येक वर्षांचा इतिहास पुसला गेला. स्थलांतर संपले तसे ते कामही संपले, आणि त्या लाटेत भरती झालेली कितीतरी तरुण मुले आज दुसरे काही शोधत आहेत.

गुरुवार

आज दुपारभर चप्पल लाईनमध्ये, कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, होते. तेथील एका दुकानाचे संकेतस्थळ मी पुण्यात असल्यापासून, सुटीच्या दिवशी, सांभाळत आले आहे. आता ते माझे रीतसर काम झाले आहे. मालक माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, मी त्यांना काका म्हणते आणि ते मला ताई म्हणतात. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी असे प्रकार त्यांच्याकडे आहेत. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा उल्लेख त्यांनी मोठ्या हौसेने पहिल्याच पानावर करून घेतला आहे.

काकांच्या डोक्यात गेल्या जूनमधला आलेख अजून घोळतो आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या, मूळ कारागिरीचा उल्लेख नसल्यामुळे गदारोळ झाला, आणि पुढे कंपनीने या चपलांमागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. तो आठवडा म्हणजे आमच्याकडे भर पावसाचा. चामड्याची चपल पावसात कोणी घालत नाही, त्यामुळे दुकानात वर्षातील सर्वांत मंद दिवस, आणि नेमका तेव्हाच संकेतस्थळाचा आलेख छताला जाऊन टेकला. काकांनी रोज सकाळी मला फोन करून आकडा विचारला. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र त्यांनी विचारले, “ताई, एवढी माणसं आली म्हणताय, मग गल्ला का तेवढाच?”

या प्रश्नाचे उत्तर अहवालातच होते, फक्त ते पहिल्या पानावर नव्हते. जीए-फोरमध्ये एखादी भेट दहा सेकंदांपेक्षा अधिक टिकली, किंवा दोन पाने पाहिली गेली, किंवा महत्त्वाची ठरवून दिलेली एखादी घटना घडली, की ती ‘एंगेज्ड’, म्हणजे रमलेल्या माणसाची भेट, म्हणून गणली जाते. बातमी वाचून कुतूहलाने आलेला माणूस कापशी चपलेच्या इतिहासाचे पान उघडतो, मिनिटभर वाचतो आणि निघून जातो. साधनाच्या हिशेबी तो रमला. किमतीचे पान किंवा पायाच्या मापाचा तक्ता उघडणाऱ्यांची संख्या त्या आठवड्यात जवळजवळ हललीच नव्हती. मी काकांना तेवढीच एक रेघ वेगळी काढून दाखवली आणि त्यांना ते लगेच कळले. दुकानासमोर थांबून फोटो काढणारे आणि आत येऊन पाय पुढे करणारे यांतला भेद त्यांना मी काय शिकवावा!

आजचे खरे काम मात्र व्हॉट्सॲपचे होते. काकांची बहुतेक ऑनलाइन विक्री संकेतस्थळावरच्या ‘कार्ट’मधून, म्हणजे खरेदीच्या टोपलीतून, होतच नाही. ग्राहक चपल पाहतो, कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढतो, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, भाव विचारतो आणि यूपीआयने पैसे देतो. या सगळ्याचा ॲनालिटिक्सला पत्ताच नसतो; त्याच्या दृष्टीने तो माणूस चपल पाहून निघून गेला. पुण्यातल्या एजन्सीत अशा ग्राहकाला आम्ही सरळ ‘कार्ट आणा, पेमेंट गेटवे जोडा’ असे सांगितले असते. पण पायाची रेघ पाहिल्याशिवाय काका चपल पाठवणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण हाताने शिवलेल्या चपलेचे माप तयार तक्त्यात बसत नाही व परत आलेली जोडी त्यांच्याच अंगावर पडते.

म्हणून आम्ही दुसरी वाट काढली आहे. प्रत्येक चपलेच्या पानावरील व्हॉट्सॲपचे बटण दाबले की संदेश आधीच लिहिलेला येतो आणि त्यात त्या चपलेचा सांकेतिक क्रमांक व शेवटी एक अक्षर असते. इन्स्टाग्रामवरून आलेल्यासाठी एक अक्षर, गुगलवरून आलेल्यासाठी दुसरे. काकांचा मुलगा सौदा पक्का झाला की तो क्रमांक व ते अक्षर लाल कापडी बांधणीच्या वहीत रकमेसमोर लिहितो. ती वही मी आज मांडीवर घेऊन बसले आणि एकेक नोंद संगणकावरच्या शीटमध्ये उतरवली. काही ठिकाणी अक्षर गाळलेले होते, एका ठिकाणी अक्षराच्या जागी ‘पाहुणे’ असे लिहिले होते, म्हणजे ते नात्यातले गिऱ्हाईक असणार. तरीही एक गोष्ट स्वच्छ दिसली: इन्स्टाग्रामवरून येणारे प्रश्न पुष्कळ विचारतात आणि घेतात कमी, तर गुगलवर चपलेच्या प्रकाराचे नाव लिहून आलेला माणूस दोन-तीन संदेशांतच पैसे देतो. काकांनी रील बनवणाऱ्या मुलाला दिले जाणारे पैसे निम्मे करून उरलेल्या पैशांत प्रत्येक प्रकाराचे वेगळे पान नीट फोटोंसह तयार करायचे जागेवरच ठरवले. माझ्या मोजणीवरून कोणीतरी खर्चाची दिशा बदलताना मी फार दिवसांनी पाहिले.

परदेशातील गिऱ्हाइकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ते बहुतांशी आयफोनवर असतात, आणि संकेतस्थळाच्या स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचे, म्हणजे आलेला माणूस पुन्हा ओळखता यावा म्हणून त्याच्या फोनवर ठेवलेल्या छोट्या नोंदीचे, आयुष्य आयफोनच्या सफारी ब्राउझरने २०१९ पासून सात दिवसांवर आणले आहे. न्यू जर्सीतली कोणी बाई आज चपल पाहते, कोल्हापुरातल्या बहिणीला विचारते आणि दहा दिवसांनी परत येते, तेव्हा आमच्या नोंदीत ती नवीन माणूस असते. यावर सर्व्हरकडून कुकी ठेवण्याचे तांत्रिक उपाय आहेत, पण त्याचा मासिक खर्च या दुकानाला झेपणारा नाही, आणि झेपला तरी त्यातून काका वेगळे काय करणार आहेत याचे उत्तर माझ्याकडे नसल्यामुळे मी तो सुचवलेला नाही.

रविवार

शाहूपुरीतल्या गुळाच्या एका व्यापाऱ्यांशी बोलणे झाले. गुऱ्हाळे जोरात असल्यामुळे त्यांना बसायला वेळ नव्हता. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीशेजारी उभ्या उभ्याच सारे ठरले. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हापासून मुंबई-पुण्याची घरगुती गिऱ्हाइके थेट मागणी करू लागली आहेत, आणि या व्यापाऱ्यांना आता संकेतस्थळावरील विक्रीचा वर्षभराचा ताळेबंद हवा आहे.

त्यांच्या आधीच्या माणसाने केलेल्या अहवालात ऑक्टोबर २०२५ ची विक्री ऑक्टोबर २०२४ च्या तुलनेत भरघोस वाढलेली दाखवली होती आणि नोव्हेंबरमध्ये घसरण. दोन्हीचे श्रेय व दोष जाहिरातींना देऊन ते गृहस्थ मोकळे झाले होते. प्रत्यक्षात २०२४ चे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते आणि २०२५ चे २१ ऑक्टोबरला. दिवाळीचे शेवटचे दिवस, आणि त्यांची खरेदी, नोव्हेंबरमधून ऑक्टोबरमध्ये सरकली होती. मी वसुबारसेपासून मागे मोजून दोन्ही वर्षांचे समान दिवस समोरासमोर मांडले, तर फरक अगदी मामुली निघाला. याउलट संक्रांत दरवर्षी १४ किंवा १५ जानेवारीलाच येते, म्हणून तिळगुळासाठीच्या मागणीची तुलना इंग्रजी तारखांनी केली तरी चालते. कॅलिफोर्नियात बसून साधन बनवणाऱ्यांनी पंचांग पाहावे ही अपेक्षा नाही, पण कोल्हापुरात बसून अहवाल लिहिणाऱ्याने तरी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एकदा नजर टाकावी.

त्यांच्या खात्यातील आणखी एक गोष्ट आजच दुरुस्त केली. जीए-फोरमध्ये तपशीलवार माहिती साठवण्याची मुदत आपोआप दोन महिन्यांवर बसलेली असते आणि ती वाढवून चौदा महिने करता येते. तयार अहवालांवर याचा परिणाम होत नाही, परंतु ‘एक्सप्लोरेशन’मध्ये स्वतः खोदकाम करायचे असेल तर दोन महिन्यांपलीकडचे काही सापडत नाही, आणि मुदत वाढवली तरी आधी पुसलेले परत येत नाही. हंगामी मालाच्या व्यापाऱ्याला मागचा हंगामच दिसू नये, यासारखी अडचण नाही. खाते उघडल्या दिवशी करायचे हे काम बहुतेक ठिकाणी राहिलेले दिसते.

मोबदल्याच्या बोलण्यात मात्र गाव गावच्या चालीनेच चालते. “हंगाम उरकू दे, मग बघू,” असे त्यांनी हसत सांगितले. पूर्वी दुसऱ्या एका ओळखीच्या माणसाने असेच बघत बघत वर्ष काढले होते, म्हणून या खेपेस मी तितक्याच हसत महिन्याची रक्कम आगाऊ मागितली. ती मिळाली, वर एक ढेपही मिळाली. पुण्यात एवढे एका वाक्यात जमले नसते. खरेदी विभाग, करारनामा आणि साठ दिवसांची उधारी यांतच जीव जातो.

लेखनाबद्दल. गेली काही वर्षे मी इंग्रजीत जे लिहीत होते ते मुख्यतः साधनांच्या बटणांविषयी होते: अमुक अहवाल कोठे सापडेल, तमुक टॅग कसा लावावा. नोकरी देणाऱ्यांच्या नजरेत येण्यासाठी त्याचा उपयोग झाला, हे खरेच आहे. पण गुगल मांडणी बदलत राहते. मार्च २०२४ मध्ये ‘कन्व्हर्जन’चे (खरेदीसारख्या महत्त्वाच्या घटनेचे) नाव बदलून ‘की इव्हेंट’ झाले आणि माझी कितीतरी टिपणे एका दिवसात जुनी ठरली. असे लेखन आता थांबवते आहे. त्याऐवजी वही आणि आलेख यांचा मेळ कसा घालावा, सणांची तुलना कशी करावी, फोनवरच्या मागणीची नोंद कशी ठेवावी, असे मराठीत लिहायचे आहे, कारण ज्यांना ते हवे आहे ती माणसे येथे माझ्यासमोर बसलेली आहेत.

त्यात पहिला विषय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा घ्यावा लागेल. कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी लागू होण्यास तेथून अठरा महिन्यांची मुदत आहे. चप्पल लाईनमधल्या त्या लाल वहीत गिऱ्हाइकाचे नाव, मोबाइल नंबर आणि पत्ता एका ओळीत असतो, आणि मी त्यातून शीटमध्ये उतरवते तेव्हा तो मजकूर डिजिटल होतो, म्हणजेच कायद्याच्या कक्षेत येतो. म्हणून कालपासून शीटमध्ये फक्त चपलेचा क्रमांक, अक्षर व रक्कम एवढेच घेते आहे. नाव-नंबर वहीतच राहतात. पुढच्या गुरुवारी काकांच्या मुलाला हे समजावून सांगायचे आहे, आणि अक्षर न गाळण्याविषयीही पुन्हा एकदा बोलायचे आहे.