पीसीत पाणी घालावं की नाही

१४ एप्रिल

पीसीला पाण्याचं कूलिंग करायचं तर काय काय लागेल त्या यादीची आज बेरीज केली. सीपीयूचा ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा), ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक, डी-५ पंप आणि त्याला जोडलेली टाकी, ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर, त्यांवर सहा फॅन, नळी, आणि फिटिंग. फिटिंगनेच घात केला. निकेल चढवलेलं एक पितळी फिटिंग पाचशेच्या घरात जातं, आणि अशी चौदा-पंधरा लागतात. कोपऱ्यात वळणारी घेतली तर आणखी महाग. सगळं मिळून पंचावन्न हजारांच्या वर. एवढ्यात पुढच्या कार्डाचा चांगला हिस्सा जमा झाला असता.

तरी यादी पुसली नाही. बाहेर ४३ अंश, माझ्या खोलीत ३६, आणि संध्याकाळी रेंडर लावला (इमारतीच्या थ्रीडी मॉडेलवरून चित्र बनवणं, हेच माझं काम) तेव्हा कार्डाची मेमरी १०६ अंश दाखवत होती. ११० ला ती स्वतःच वेग कमी करते. फॅन इतके ओरडतात की क्लायंटशी बोलताना मला माइक बंद-चालू करत बसावं लागतं. कार्ड आरटीएक्स ३०९०. कामासाठी उत्तम, २४ जीबी मेमरी असल्यामुळे अख्खी सोसायटी झाडांसकट एका फाइलीत मावते. पण त्या मेमरीच्या २४ चिप्सपैकी १२ पुढे आणि १२ पाठीमागे आहेत. फॅन सगळे पुढे, पाठीला नुसता पत्रा. ३०९० टीआय आलं तेव्हा एनव्हिडियाने सगळी मेमरी पुढच्या बाजूला घेतली, यावरून काय ते समजावं.

१५ एप्रिल

बाबांनी कागद पाहिला. बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. उभी नोकरी कंडेन्सर, पंप आणि कूलिंग टॉवर यांच्यात गेली. घरात पाण्याशी संबंधित काहीही असलं की चष्मा शोधून येतातच.

"हे काय करून राहिली?"

"कॉम्प्युटरला पाण्याचं कूलिंग, बाबा. म्हणजे अजून ठरलं नाही."

"टॉवर कुठे ठेवशील?"

टॉवर नसतो, रेडिएटर असतो, बंद नळीतून पाणी फिरतं, असं सांगितलं. त्यांनी लगेच कागद खाली ठेवला. "म्हणजे कोरडं. मग पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होणारच नाही."

मला हे माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर वेगळंच लागलं. टॉवरमध्ये थोडं पाणी उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून टॉवरचं पाणी बाहेरच्या तापमानाच्याही खाली उतरू शकतं. त्याची मर्यादा ओल्या थर्मामीटरचं तापमान, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला थर्मामीटर २३-२४ च्या आसपास दाखवतो. रेडिएटरला यातलं काहीच मिळत नाही. त्याची खालची मर्यादा खोलीचे ३६. पाणी त्याच्या वरच राहणार, दहा-बारा अंश तरी.

मग पाण्याची गुणवत्ता. "डीएम वॉटर वापरशील ना?" म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड म्हणून विकलं तरी बरेचदा डीएमच असतं, हे त्यांनीच सांगितलं. त्यावरून गाडी भांडेवाडीवर गेली. नागपूरचं सांडपाणी तिथे शुद्ध होऊन कोराडीला जातं आणि वीज केंद्र त्यावर चालतं, याचा त्यांना अजून अभिमान आहे. क्षार, शेवाळ, गंज या तिघांवर ते तासभर बोलू शकतात. बोलले.

१७ एप्रिल

रात्री वही घेऊन बसले. लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या बंद वाटेवर, आधी सीपीयू की आधी कार्ड, रेडिएटर मध्ये की शेवटी, यावर मी गेले काही आठवडे डोकं लावत होते. हिशेब केल्यावर त्यातली सगळी हवाच गेली. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर त्याला एक अंश तापवायला ७० वॉट लागतात. माझं कार्ड आणि सीपीयू मिळून धरू ४५० वॉट, आणि प्रवाह मिनिटाला तीन लिटर. म्हणजे पूर्ण फेरीत पाणी जेमतेम दोन अंश तापतं. नळीत कुठेही बोट लावलं तरी फरक कळणार नाही. क्रम कसाही लावा.

खरा प्रश्न रेडिएटरचा आणि खोलीचा. खोली ३६, पाणी ४७, आणि चांगल्या ब्लॉकखाली कार्डाचा मुख्य चिप साधारण ६०-६२ ला थांबेल. आज तो ८१ ला असतो. फॅन अर्ध्या वेगाने फिरतील, आवाज जवळजवळ जाईल. हा फायदा खरा आहे आणि मला तो हवा आहे.

पण मेमरीचं काय? ब्लॉक बसतो कार्डाच्या पुढच्या अंगाला. पाठच्या १२ चिप्स तशाच पत्र्याखाली. दोन्ही बाजूंनी पाणी फिरवणारे ब्लॉक मिळतात, पण किंमत वाचून मी तो टॅब बंद केला. शिवाय ब्लॉक त्या एका कार्डाच्या एका विशिष्ट बोर्डापुरताच. उद्या कार्ड विकलं की सहा-सात महिने परदेशातून वाट पाहून आणलेला तो तांब्याचा तुकडा पेपरवेट.

सीपीयूचं मी उगाच मनावर घेत होते. रायझन ९ ७९५०एक्स ९५ अंशांपर्यंत चढतो तो बिघडला म्हणून नाही. एएमडीने तो तसाच बनवला आहे. जेवढं थंड ठेवाल तेवढा जास्त वेग घेऊन परत ९५ कडेच जाणार. त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) कमी वीज खाण्याचा इको मोड आहे. त्यातल्या '१०५ वॉट' नावाच्या पायरीवर ठेवला की प्रत्यक्षात फार तर २३० ऐवजी १४२ वॉट खातो, आणि माझं रेंडर कार्डावर होत असल्यामुळे मला फरक जाणवतही नाही. ते आजच करून टाकलं.

१८ एप्रिल

आकड्यांवर किती भरवसा ठेवावा? मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. दिवसभर सगळ्यांच्या फोनवर तेच. मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. त्या दिवशी शेजारच्या काकांना मात्र घाम ५६ अंशांचाच आला होता.

कार्डाच्या १०६ वर शंका घ्यायला मला आवडलं असतं. पाठच्या पत्र्यावर बोट ठेवलं. शंका फिटली.

२० एप्रिल

आज काम नव्हतं, म्हणून वाचत बसले. पाणी आणि कॉम्प्युटर यांचा संबंध काही आजचा नाही. आयबीएमची १९६० च्या दशकातली सिस्टिम/३६० मॉडेल ९१ पाण्यावर थंड व्हायची. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्किट बोर्ड सरळ फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेले असत. आपल्याकडे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक पाण्यावरच थंड होतो. २००४ मध्ये अ‍ॅपलनेही पॉवर मॅक जी-५ च्या सर्वांत वेगवान मॉडेलात द्रव फिरवला. त्यातली काही यंत्रं पुढे गळली.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "तिथे शिफ्टला माणूस असतो ना?"

असतो. माझ्याकडे रात्रीच्या शिफ्टला कोणीच नसतं, आणि माझे लांबलचक वॉकथ्रू (न बांधलेल्या इमारतीतून फिरवणारे व्हिडिओ) रात्रीच रेंडर होतात, मी आणि अख्खी चाळीस फुटी गल्ली झोपलेली असताना. सीपीयूवरच्या हवेच्या कूलरचा फॅन बंद पडला तर निदान उष्णता सोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या तरी शिल्लक राहतात, सीपीयू वेग कमी करून तग धरतो. पंप बंद पडला तर ब्लॉकमधलं पाणी जागच्या जागी तापत जातं. यंत्र स्वतःला बंद करून घेईल हे खरं. पण सकाळी क्लायंटला काय पाठवू?

गळतीची भीती मला सगळे घालतात तेवढी वाटत नाही. हवा भरून दाब उतरतो का ते बघायचं, मग बोर्डाला वीज न देता फक्त पंप दिवसभर चालवायचा, खाली टिश्यू पेपर अंथरून. एवढं धीराने केलं तर बहुतेक गळत्या तिथेच सापडतात. मला भीती आहे ती कंटाळ्याची. वर्षाकाठी पाणी काढायचं, टाकी धुवायची, शेवाळरोधक घालायचं. पारदर्शक मऊ नळी काही महिन्यांनी धुरकट होते, म्हणून काळी ईपीडीएम रबरी घ्यायची, म्हणजे ज्या चमकदार फोटोंमुळे हे वेड लागलं ते दिसायचंच नाही. तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर चुकूनही नाही, हे दोन धातू एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजतंच. हे सगळं मी पहिल्या वर्षी करीन. तिसऱ्या वर्षी, दोन डेडलाइनच्या मध्ये, टाकीतलं पाणी थोडं खाली गेलेलं दिसलं तर "उद्या बघू" म्हणणार.

२२ एप्रिल

बाबा मुळापासून विचार करतात याचा कधी कधी राग येतो. आज म्हणाले, "पाचशे-साडेपाचशे वॉट भिंतीतून घेतेस, ते खोलीतच सोडतेस. पाण्याने सोडले काय, हवेने सोडले काय."

एसी लावायचा म्हटलं तरी तेच. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता उचलतो. त्यातला सहावा-सातवा हिस्सा माझ्या टेबलाखालच्या डब्यासाठी. पंचावन्न हजारांचा लूप लावला तरी हा हिस्सा तेवढाच.

"आणि कूलर?" मी विचारलं.

इथे ते खुलले. हॉलच्या खिडकीतला आपला मोठा कूलर तासाला तीनेक हजार घनमीटर हवा टाकतो असं धरलं, तर पाचशे वॉटने ती हवा अर्धा अंशच तापते. अट एक: हवा एकीकडून आली पाहिजे आणि दुसरीकडून निघून गेली पाहिजे. माझ्या खोलीत ती येते आणि बसते. आवाज नको म्हणून मी दार लोटलेलं, धूळ नको म्हणून मागची खिडकी बंद, आणि पीसी त्या बंद खिडकीच्या विरुद्ध कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, स्वतःचीच गरम हवा परत ओढत.

२३ एप्रिल

टेबल हलवलं. आईने "आता कशाला" असं म्हणून मदतही केली. पीसी आता मागच्या खिडकीपाशी. कूलरची हवा दारातून येते, त्याच्यावरून जाते, खिडकीतून बाहेर. खिडकीला मच्छरदाणीची जाळी आहेच. कूलरच्या तोंडापासून पीसी लांब ठेवला आहे, तुषार नकोत म्हणून. बाबांनी आरसा धरून तुषार येतात का ते तपासलं, मी हसले नाही.

कार्डाला ३५० वॉटऐवजी २८० ची मर्यादा घातली. जुन्या कॅबिनेटमधला १२० मिलिमीटरचा फॅन काढून कार्डाच्या पाठीवर आडवा ठेवला, केबल टायने बांधून. दिसायला भयंकर आहे.

रात्री तीच फाइल, तीच फ्रेम. आधी ४ मिनिटं १० सेकंद लागायची, आता ४ मिनिटं २३. खोली ३०. मुख्य चिप ६६. मेमरी ८८.

१०६ वरून ८८, आणि खर्च केबल टायचा.

मला आनंद झाला आणि थोडी निराशाही. ज्या कारणासाठी मी हे सगळं करणार होते ते कारणच फुकटात निकालात निघालं.

२६ एप्रिल

कूलरचा हा उपाय जूनपर्यंतच, हे कळतं. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिक करतो. पण तोवर बाहेरचाच पारा उतरलेला असतो. आणि डिसेंबरात पहाटे इथे दहा-बारा अंश असतात, तेव्हा मी पाय गरम करायला कॅबिनेटजवळ घेते. म्हणजे माझ्या कामाच्या यंत्राला पाण्याची गरज वर्षातून फार तर दोन-अडीच महिने, तीही आता नाही.

मग मला हे का हवं आहे? थर्मामीटर बाजूला ठेवून विचारलं तर उत्तर सोपं आहे. मला नळ्या वाकवायच्या आहेत, फिटिंग आवळायची आहेत, पहिल्यांदा पंप चालू झाल्यावर बुडबुडे टाकीत चढताना बघायचे आहेत. दिवसभर स्क्रीनवर दुसऱ्यांची घरं बांधते, हातात काहीच येत नाही. हे कारण मला कमी प्रतीचं वाटत नाही. फक्त ते ज्या यंत्रावर माझं भाडं आणि ईएमआय अवलंबून आहेत त्याच्या पोटात घालायला नको.

माळ्यावर जुना पीसी आहे. कोअर आय-७ ४७७०के, २०१३ चा. त्या पिढीचे हॅसवेल तापण्यासाठी बदनामच होते. चिपच्या झाकणाखाली इंटेलने उष्णता नेण्यासाठी साधी पेस्ट भरली होती. ८४ वॉटचा चिप, एक २४० चा रेडिएटर भरपूर झाला. कार्डाचा ब्लॉक नको. फिटिंग सहा. गळला तर गळला. खर्च मूळ यादीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो, आणि पंप, टाकी, रेडिएटर पुढे कधी कामाच्या यंत्राला लावायचं ठरलंच तर वाया जात नाहीत.

ठरलं. दिवाळीनंतर, जुन्या यंत्रावर, फक्त सीपीयू.

जेवताना सांगितलं. आई म्हणाली की माळा आवरून होईल, चांगलं आहे. बाबांना वाटलं होतं मी विषय सोडला. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "पंपाचं हेड किती आहे?" म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो.

"३.९ मीटर."

"एवढ्याशा लूपला एवढं हेड कशाला? छोटा घे." आणि रेडिएटर आधी गरम पाण्याने धुऊन घ्यायचा, नव्या रेडिएटरमध्ये कारखान्यातला फ्लक्स (डाग देताना वापरतात तो) आणि कचरा असतो, धुतल्यावर त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, बघायचा, उतरेपर्यंत परत धुवायचा. मीटर त्यांच्याकडे आहे म्हणे. मी म्हटलं, बाबा, दिवाळीला सहा महिने आहेत. त्यांनी वाचन सुरूही केलं आहे, माझा टॅब्लेट त्यांच्याकडेच आहे.